झाडं शंभर, पण फळ कुठे?

वाचकांचे प्रश्न : शहरातले फळखाऊ पक्षी आणि त्यांची झाडं

प्रश्न : आमच्या सोसायटीत शंभरावर झाडं आहेत. तरी पूर्वी रोज ऐकू येणारा तांबट आता नाही आणि हरियाल तर दिसतच नाहीत. बुलबुल आणि कबुतरं मात्र भरपूर. एवढी हिरवळ असून पक्षी का गेले? (कोथरूड, पुणे)

उत्तर : इथे झाडं मोजून भागत नाही, महिने मोजावे लागतात. तांबट आणि हरियाल म्हणजे हिरवं कबूतर, हे दोघं वर्षभर मुख्यतः फळांवर जगतात. दहा महिने फळ मिळालं आणि दोन महिने नाही, तर त्या दोन महिन्यांत ते जागा सोडतात. सोसायट्यांमध्ये सर्रास दिसणारी झाडं आठवा. गुलमोहर आणि सोनमोहराच्या शेंगा वाळक्या. सप्तपर्णीचं बी केसाळ, वाऱ्यावर उडणारं. रेन ट्रीची शेंग गोड असते, पण ती गुरांच्या कामाची. सावलीला ही झाडं उत्तम, पण फळखाऊ पक्ष्याला त्यांच्यावर बसून खायला काही नाही.

कडुनिंब, जांभूळ, भोकर, करवंद यांची फळं उन्हाळा ते पावसाची सुरुवात एवढ्या काळात पिकतात. खोटा अशोक पावसात फळतो, तेव्हा कोकिळांची चंगळ असते. त्यापुढे बोरं येईपर्यंतचा काळ ओढाताणीचा. तो निभावून नेतात वड, पिंपळ, उंबर, पिंपरी आणि नांद्रुक. वडाच्या या गणगोतात एका झाडाची फळं साधारण एकदम पिकतात, पण शेजारच्या झाडाची वेळ वेगळी असते. त्यामुळे परिसरात अशी पुरेशी झाडं असली की कुठे ना कुठे पिकलेलं फळ मिळतंच.

या वेगळ्या वेळांमागे कारण आहे. वडाचं परागीकरण जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशी करते. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. मादी फळातून बाहेर पडली की एक-दोन दिवसच जगते आणि तेवढ्यात तिला त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावरचं, नेमक्या अवस्थेतलं कोवळं फळ गाठावं लागतं. वाऱ्यावर ती काही किलोमीटर जाते, म्हणून एकांडा वडही फळतो. पण झाडं विरळ होत गेली की माशी पोचण्याचा भरवसा कमी होतो, आणि परागीकरण न झालेली फळं बहुधा पिकण्याआधीच गळतात. रस्ता रुंद करताना चार वड तोडले की उरलेल्या वडांच्या फळांवरही परिणाम होऊ शकतो, तो असा.

आता करायचं काय? कागदावर बारा रकाने पाडा. घरापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरातल्या प्रत्येक फळझाडाखाली महिन्यातून एकदा जा आणि *पिकलेलं* फळ दिसलं तरच खूण करा. कच्ची फळं धरू नका. पोपट कच्चीही कुरतडतात, पण तांबटाला ती चालत नाहीत. वर्षभरात जे रकाने रिकामे राहतील, त्या काळात फळणारी झाडं निवडा. मोकळी जागा असेल आणि इमारत, ड्रेनेजची लाइन, पाण्याची टाकी यांपासून किमान दहा मीटर अंतर मिळत असेल तर पहिली पसंती उंबराला. तो वर्षातून अनेकदा फळतो आणि वडाइतका पसरत नाही. त्याची फळं फुटपाथवर पडून चिकचिक होते, ही तक्रार खरी आहे. म्हणून तो पार्किंगवर लावू नका, कुंपणालगतच्या मातीत लावा.

प्रश्न : रस्त्यासाठी जुना वड तोडला आणि बदल्यात दहा रोपं लावली. ही भरपाई पुरेशी म्हणायची का? (नाशिक)

उत्तर : नाही. कायदाही याहून जास्त मागतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५चा. त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी झाडं लावावी लागतात. वड सत्तर वर्षांचा असेल तर सत्तर. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे त्या परवानगीची प्रत मागा आणि झाडाचं वय किती नोंदवलंय ते आधी पाहा.

पण सत्तर रोपं लावली तरी जुन्या झाडाची एक गोष्ट भरून येत नाही, ती म्हणजे ढोली. राखी धनेशाला घरट्यासाठी मोठ्या खोडातली तयार ढोली लागते. मादी आत बसते आणि ढोलीचं तोंड विष्ठा आणि फळांच्या गराने लिंपून घेते, फक्त एक उभी फट ठेवते. नर त्या फटीतून तिला उंबरं, वडाची फळं भरवतो. आत असताना तिची उडण्याची पिसं गळतात. मार्च ते जून या काळात असं झाड पाडलं तर तिला उडून जाताच येत नाही.

तांबट तयार ढोलीवर अवलंबून नसतो, स्वतः भोक कोरतो. मात्र त्यासाठी त्याला वाळकी, मऊ पडलेली फांदी लागते. भोक बहुतेक वेळा तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला असतं, म्हणून वरून छाटणाऱ्याला ते दिसतच नाही. पावसाळ्याआधीच्या छाटणीत सर्वांत आधी हीच फांदी जाते, आणि नेमक्या विणीच्या हंगामात. तुमच्या आवारातली छाटणी तरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकून घ्या. त्यासाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. वाळकी फांदी वाटेवर किंवा गाड्यांवर येत नसेल तर मुळापासून कापू नका, दोन-तीन फुटांचा खुंट राहू द्या.

आणि नवा वड लावायचाच असेल तर पिशवीतल्या रोपापेक्षा खांब लावा. मनगटाएवढी जाड, सहा ते आठ फुटांची सरळ फांदी जूनच्या सुरुवातीला कापा. बुडाचा काप तिरका घ्या. चीक वाळेपर्यंत एक दिवस सावलीत ठेवा आणि वरच्या टोकाला शेण-माती लिंपा. दोन फूट खोल पुरून माती घट्ट ठोका आणि दोन बांबूंना आवळून बांधा. खांब मरतात ते मुख्यतः हलल्यामुळे, कारण फुटलेली नाजूक मुळं प्रत्येक हिसक्यात तुटतात. दुसरं कारण बुडाशी साचलेलं पाणी. जगलेला खांब बियांच्या रोपापेक्षा लवकर फळतो आणि गुरांच्या तोंडाला सहज लागत नाही.

प्रश्न : बुलबुल, साळुंक्या वाढल्या आहेत. त्याही फळं खातात, बिया पसरवतात. मग धनेश किंवा हरियाल नसले तर काय बिघडलं? (ठाणे)

उत्तर : चोचीच्या मापाने बिघडतं. बुलबुल लहान फळ अख्खं गिळतो, मोठ्या फळाचा नुसता गर टोचतो. जांभळावर बसलेला बुलबुल पाहा. तो गर खातो आणि बी तिथेच झाडाखाली पडतं. कोकिळ आणि धनेश मात्र जांभूळ अख्खं गिळतात आणि बी दुसरीकडे टाकतात. मोठ्या चोचीचे पक्षी गेले की मोठ्या बियांची झाडं आईच्या सावलीतच अडकून पडतात.

लहान बियांचा प्रवास चालू राहतो, पण त्यात घाणेरी म्हणजे टणटणीही येते. तिची काळी फळं बुलबुलांना आवडतात, आणि शहरालगतच्या टेकड्यांवर ती माजण्याचं हे एक मोठं कारण आहे. त्याच बुलबुलांमुळे चंदनही पसरतं, हे विसरू नये. म्हणून पक्ष्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला काय खायला मिळतंय ते बदलायला हवं. घाणेरी उपटताना सगळी टेकडी एकदम साफ करू नका. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि मोकळ्या झालेल्या जागी पावसाच्या तोंडावर करवंद, तोरण, अंकोल लावा.

हरियालाबद्दल एक सांगायला हवं. तो आपला राज्यपक्षी आहे, देखणा आहे, पण हरियाल जातीची कबुतरं वडा-पिंपळाच्या बऱ्याच बिया पोटातच भरडून टाकतात. बी पसरवण्याचं काम त्याच्याकडून फारसं होत नाही. त्याला जपायचं ते तो आपला म्हणून.

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीत पक्ष्यांसाठी काही लावता येईल का? (दादर, मुंबई)

उत्तर : रोज चार तास ऊन येत असेल तर नक्की. तुती सर्वांत सोपी. पेन्सिलीएवढ्या जाडीची, २०-२५ सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांची काडी अर्धी मातीत खोचा. मूळ धरलं की १६ ते १८ इंची कुंडीत हलवा. माती दोन भाग, शेणखत एक भाग, जाड वाळू एक भाग. फळ नव्या फुटव्यावर येतं, म्हणून बहर संपला की फांद्या निम्म्यावर छाटा आणि उरलेली पानं काढा. छाटणीची भीती वाटून झाड तसंच वाढू दिलं की नुसती पानं मिळतात.

कुंतीची लाल फळं बुलबुलांना आवडतात. मात्र तिला कात्रीने गोल आकार देत राहिलात तर फुलंच कापली जातात आणि फळ धरत नाही. कढीपत्त्याचंही तेच. रोज फोडणीला खुडून एक फांदी तरी राखून ठेवा. तिच्यावर फुलं येऊन काळी फळं पिकू द्या. लवंगी मिरचीही चालेल, कारण पक्ष्यांना तिखट जाणवत नाही.

मावा दिसला म्हणून लगेच कीटकनाशक मारू नका. बुलबुल स्वतः फळं खात असला तरी पिल्लांना अळ्या-किडेही भरवतो. पाण्याच्या जोराने मावा धुऊन काढणं पुरतं. कापलेली पपई कठड्यावर ठेवण्याचा मोह टाळा. कावळे, कबुतरं आणि उंदीर आधी येतात. त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर खोल मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन दिवसांनी घासा.

प्रश्न : गच्चीच्या भिंतीत दर पावसाळ्यात पिंपळ उगवतो. तो न मारता काढता येतो का? (सोलापूर)

उत्तर : येतो, चार-सहा पानांचा असेपर्यंत. दोन दिवस फट भिजवत ठेवा. मग पातळ लोखंडी सळईने मुळाभोवतीचं प्लास्टर मोकळं करा आणि बुंध्याशी धरून हळूहळू ओढा. मूळ आत तुटलं तर तो पुन्हा फुटणारच. आठ इंची कुंडीत लावून निम्मी पानं काढा आणि दोन आठवडे सावलीत ठेवा. मोकळी झालेली फट लगेच सिमेंट-वाळूने भरा. खोड अंगठ्याएवढं झालं असेल तर गवंडी बोलवा. अ‍ॅसिड ओतू नका, त्याने आतली सळई गंजते. बी येतं ते पक्ष्यांच्या विष्ठेतून, त्यामुळे ते ज्या पाइपवर किंवा कठड्यावर बसतात त्याखालच्या भेगा मे महिन्यातच बुजवा.

प्रश्न : ऑफिसच्या काचेवर आदळून तांबट, हरियाल पडतात. काय करावं? (पणजी)

उत्तर : काचेत समोरच्या झाडाचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी त्या झाडाकडे झेपावतात. शेजारी फळलेला वड असेल तर धडका वाढतात. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून उपयोग होत नाही, कारण पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतात. काचेच्या *बाहेरच्या* बाजूला उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके हवेत, किंवा तेवढ्याच अंतरावर उभ्या दोऱ्या. पडलेला पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. तासा-दोन तासांनी खोकं झाडाजवळ नेऊन उघडा. तरीही उडाला नाही किंवा पंख लोंबत असेल तर वनखात्याला कळवा.