इस्रायल-पॅलेस्टाईनच्या बातम्या कोणतं चॅनेल निष्पक्षपणे दाखवतं?

तुम्ही विचारलंय की दोन्ही बाजूंना सारखा वेळ देणारं चॅनेल कोणतं. सारखा वेळ हे मापच चुकीचं आहे. दोन प्रवक्ते बसवून पाच-पाच मिनिटं भांडायला लावणं कोणालाही जमतं. मी एवढंच बघते की जे सांगितलं ते कोणी सांगितलं, हे पडद्यावर लिहिलंय का. यावरूनच माझं आउटपुटच्या, म्हणजे पडद्यावर काय जाणार हे ठरवणाऱ्या विभागाच्या, सरांशी वाजलं होतं आणि आठवड्याभरात तीच चूक माझ्या हातून झाली. म्हणून उत्तर जरा लांबेल.

ऑक्टोबर 2023 मध्ये मी एका मराठी न्यूज चॅनेलच्या डेस्कवर होते. 7 तारखेला गाझावर तेव्हा सत्ता असलेल्या हमासने दक्षिण इस्रायलमध्ये घुसून सुमारे 1200 माणसं मारली आणि 251 जणांना ओलीस नेलं. 10 तारखेला इस्रायली लष्कराने पत्रकारांना कफार अझा या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वस्तीत, नेलं. तिथून एका रिपोर्टरने सैनिकांच्या तोंडून ऐकलेलं लाइव्हमध्ये सांगितलं, आणि काही तासांत ‘40 अर्भकांचा शिरच्छेद’ ही बातमी जगभर झाली. मी फ्लॅश, म्हणजे पडद्यावरच्या पट्टीची ओळ, लिहिला: ‘40 अर्भकांचा शिरच्छेद, इस्रायली सैनिकांचा दावा’. सरांनी शेवटचे तीन शब्द उडवले. “पट्टीत जागा नाही, आणि दावा म्हटलं की बातमीतली हवा जाते.” मी विचारलं, एक तरी फोटो कोणी पाहिलाय का? “सगळे चालवतायत.” झालं, चालली. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन असे फोटो पाहिल्यासारखं बोलून गेले आणि त्यांच्याच व्हाइट हाउसला खुलासा करावा लागला की त्यांनी फोटो पाहिलेले नाहीत. 7 तारखेला लहान मुलंही मारली गेली, यात शंका नाही. पण 40 अर्भकांचा तो दावा कधीच सिद्ध झाला नाही.

मग 17 तारखेची रात्र. गाझातल्या अल-अहली रुग्णालयात आपल्याकडच्या साडेनऊच्या सुमारास स्फोट झाला. थोड्या वेळात वृत्तसंस्थेच्या, म्हणजे एजन्सीच्या, फीडवर ओळ आली की गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार इस्रायली हवाई हल्ल्यात किमान 500 ठार. डेस्कवर मीच होते. समोरच्या भिंतीवर इतर चॅनेलांचे आठ टीव्ही, त्यातल्या तिघांवर लाल पट्टी आलेली. पीसीआरमधून (प्रक्षेपणाच्या कंट्रोल रूममधून) इंटरकॉमवर ओरडा, ‘फ्लॅश दे, फ्लॅश दे’. मी टाइप केलं: ‘गाझातील रुग्णालयावर इस्रायलचा हवाई हल्ला, 500 ठार’. एजन्सीच्या ओळीत ‘म्हणण्यानुसार’ होतं. माझ्या ओळीत नव्हतं.

सकाळी सातला फोन वाजला. आमच्या अलिबागच्या शेजारच्या मावशी, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, पस्तीसेक वर्षांपासून इस्रायलमधल्या अश्दोदला. सायरन झाला की सुरक्षित खोलीत बसून मोबाइलवर मराठी बातम्या बघायच्या. भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “दवाखान्यावर आमच्या लोकांनी बॉम्ब टाकला हे तुला कोणी सांगितलं गं?” मी म्हटलं, एजन्सी. “एजन्सीला कोणी सांगितलं?” यावर माझ्याकडे काही नव्हतं.

उजेड झाला तेव्हा दिसलं की इमारत उभी आहे, पार्किंगमध्ये जळालेल्या गाड्या आणि छोटा खड्डा. मंत्रालयाने आकडा 471 केला, अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज 100 ते 300 होता. इस्रायलने इस्लामिक जिहाद या गाझातल्या दुसऱ्या सशस्त्र संघटनेच्या फसलेल्या रॉकेटकडे बोट दाखवलं, आणि नंतर ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेलाही पुरावे त्याच दिशेचे वाटले. इस्रायलने दिलेल्या पुराव्यांवर इतर तज्ज्ञांनी शंकाही घेतल्या आहेत. तिथे आसऱ्याला आलेली माणसं मेली, हे मात्र कोणी नाकारलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने 23 तारखेला संपादकीय टीप छापून आपण हमासच्या दाव्यावर फार विसंबलो असं कबूल केलं. बीबीसीनेही मान्य केलं की हल्ला इस्रायलचा असावा असा अंदाज आपल्या वार्ताहराने बांधायला नको होता. आमच्याकडे ‘हल्ला’चा ‘स्फोट’ झाला आणि पट्टी पुढे सरकली. मी चूक दाखवायला गेले तर सर म्हणाले, “आता कुठे गेलं तुझं दाव्याचं पुराण?” ते मला अजून लागतं. माझी चूक होती, पण त्यामुळे त्यांची 10 तारखेची चूक बरोबर ठरत नाही.

त्यानंतर ऑफिसात फतवा निघाला की दावा लिहायचाच. पण कसा? गाझातल्या प्रत्येक आकड्यामागे ‘हमासचा दावा’, आणि इस्रायली लष्कराचं निवेदन मात्र सरळ बातमी म्हणून. इस्रायलमध्ये ‘हत्या’, गाझात ‘मृत्यू’, जणू साथ आली होती. हा अन्याय माझ्या त्या रात्रीच्या फ्लॅशपेक्षा मोठा, कारण हा रोज चालला. 2022 मध्ये वेस्ट बँकमधल्या जेनिनला अल जझीराच्या पत्रकार शिरीन अबू अक्लेह मारल्या गेल्या तेव्हा इस्रायलने आधी पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांवर संशय टाकला होता. जवळजवळ चार महिन्यांनी, 5 सप्टेंबरला, लष्करानेच म्हटलं की गोळी त्यांच्या सैनिकाची असण्याची दाट शक्यता आहे. दावा तो दावाच, गणवेशातल्या माणसाने केला तरी. उलट गाझाच्या मंत्रालयाचे आधीच्या युद्धांतले एकूण आकडे संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीशी बरेचसे जुळले होते. चुकतो तो बहुधा पहिल्या तासाचा आकडा.

आता तुमचा प्रश्न, कोणतं बघावं. हिंदी-मराठीत एकही नाही. आपले अँकर हेल्मेट घालून इस्रायलला गेले. गाझात ते जाऊच शकले नसते, कारण युद्धाच्या काळात इस्रायलने परदेशी पत्रकारांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही, जे गेले ते बहुतेक लष्कराच्या सोबतीने. हे किती चॅनेलांनी पडद्यावर सांगितलं? गाझातून जे दिसलं ते तिथल्याच पत्रकारांच्या जिवावर, आणि त्यांच्यातले दीडशेहून जास्त मारले गेले. अल जझीरा आणि बीबीसी दोन्ही बघा, पण पहिल्या दिवशी कोणावरच मत बनवू नका. अल जझीरा कतारच्या पैशावर चालतं, हेही लक्षात असू द्या.

हे सगळं मी एकाच न्यूजरूममधलं बघून लिहितेय, आणि मला हिब्रू येत नाही, अरबीही नाही. इतर डेस्कवर बरं चालत असेल तर कोणीतरी लिहावं, मला आनंद होईल.

आणि सर, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. ‘इस्रायली सैनिकांचा दावा’ हे तीन शब्द आहेत. त्या पट्टीत नऊ शब्द मावायचे, तुम्ही तीनच चालवले होते. मी त्याच रात्री मोजले होते.