शरीराच्या आत कॅमेरा नेताना : वाचकांचे प्रश्न

रोग समजावून सांगणाऱ्या छोट्या अ‍ॅनिमेशनपटांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या पत्रातील पट पुढच्या उत्तरांतही सोयीचे उदाहरण म्हणून वापरला आहे.

प्रश्न : आम्ही कला शाखेचे चार विद्यार्थी क्षयरोगावर तीन मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करीत आहोत. जंतू शरीरात कसा शिरतो, फुप्फुसात काय घडते, प्रतिकारशक्ती काय करते, औषधे कशी काम करतात आणि ती सहा महिने का घ्यावी लागतात, हे सर्व त्यात यावे अशी आमची इच्छा आहे. संहिता नऊ पानांची झाली आहे. काय कमी करावे?

उत्तर : यादीतील शेवटचा मुद्दा ठेवावा, बाकीचे चार त्याच्या सेवेला लावावेत आणि जे सेवेला लागत नाहीत ते निःसंकोचपणे काढून टाकावेत. तीन मिनिटांच्या पटाला निवेदनाचे अडीचशे, फार तर तीनशे शब्द पुरतात. त्यापुढे गेल्यास प्रेक्षक एकतर ऐकतो किंवा पाहतो, दोन्ही करीत नाही.

आपल्याला नेमकी कोणती समजूत बदलायची आहे, हे मात्र काटछाट करण्याआधी ठरवावे लागेल. क्षयाच्या बाबतीत सर्वांत घातक समजूत ‘खोकला थांबला म्हणजे रोग गेला’ ही आहे. औषधे सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांना काही आठवड्यांतच बरे वाटू लागते, ताप उतरतो, भूक परत येते. पण त्याच वेळी फुप्फुसातील गाठींमध्ये जवळजवळ निपचित पडलेले काही जिवाणू शिल्लक असतात. हा जिवाणू मुळातच संथ आहे. आतड्यातील ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुभंगतो, तर क्षयाच्या जिवाणूला एकदा दुभंगायला सुमारे १५ ते २० तास लागतात. जो वाढत आहे त्याला औषध लवकर गाठते. जो वाढतच नाही त्याच्यावर तेच औषध फार सावकाश चालते. म्हणून औषधांना दाद देणाऱ्या क्षयाच्या रूढ उपचारात पहिले २ महिने चार औषधे आणि पुढचे ४ महिने त्यांतील मोजकीच औषधे देतात.

आता एक हिशेब पाहावा. सहा महिने म्हणजे साधारण १८० दिवस आणि तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. एका सेकंदाला एक दिवस असे प्रमाण धरले, तर आपल्या पटाची लांबी हीच उपचाराची लांबी होते. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे पडद्यावरची एकामागून एक येणारी स्थिरचित्रे, धरल्या तर एक चौकट म्हणजे एक तास पडतो. एवढा सोयीचा योग आयत्या वेळी जुळून आलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पट पहिल्या गोळीच्या दिवशी सुरू करावा, दर सेकंदाला गोळीचा एक बारीक आवाज ठेवावा आणि साठाव्या सेकंदाला, औषधांची संख्या घटते तेव्हा, त्या आवाजाचा पोत बदलावा. पंचविसाव्या-तिसाव्या सेकंदाच्या आसपास खोकला ऐकू येईनासा होईल, माणूस कामावर जाऊ लागेल, आणि प्रेक्षकाला वाटेल की गोष्ट संपली. तरीही पट अडीच मिनिटे चालूच राहील. त्या अडीच मिनिटांचा कंटाळा हाच आपला विषय आहे. तो घालवू नये, त्यात पाहण्यासारखे काही ठेवावे. बाहेर माणसाचे दिवस वेगाने सरकत आहेत आणि आत गाठीतील मूठभर जिवाणू तसेच बसून आहेत, अशी दोन चित्रे आळीपाळीने आली तरी पुरे.

जंतू शरीरात कसा शिरला, हा भाग या रचनेत बसत नाही. तो गाळावा. वगळणे आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. वगळलेले प्रेक्षकाला दुसरीकडे मिळू शकते, पण चुकीचे दाखविलेले त्याच्या मनातून काढणे फार कठीण जाते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी केलेल्या एका पटात मी दुसऱ्याच मिनिटाला फुप्फुस स्वच्छ, गुलाबी, चमकदार करून दाखविले होते आणि औषधे पूर्ण घेण्याची सूचना त्यानंतर निवेदनात घातली होती. पाहणाऱ्यांना फुप्फुस लक्षात राहिले, सूचना राहिली नाही. चित्र आणि निवेदन यांचे भांडण झाले की जिंकते चित्रच.

प्रश्न : जंतू म्हणजे शत्रू आणि पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, ही कल्पना जुनी झाली असली तरी मुलांना पटकन कळते. ती वापरण्यात गैर काय? जंतूंना डोळे-तोंड द्यावे का?

उत्तर : साध्या जखमेच्या पटात सैनिक खपून जातात. क्षयाच्या पटात ते पहिल्याच दृश्यात अडचणीत आणतात, कारण येथे शत्रू सैनिकाच्या पोटात राहतो. फुप्फुसातील भक्षक पेशी जिवाणूला गिळते. एरवी गिळलेले जिरविणारी पाचक द्रव्यांची पिशवी त्याच्यापर्यंत येऊन मिळायला हवी, पण हा जिवाणू नेमके ते मिळणेच अडवितो आणि आतच तग धरतो. ‘गिळले खरे, पण पचले नाही’ हे आपल्या भाषेतले साधे वाक्य या घटनेचे युद्धाच्या कोणत्याही रूपकापेक्षा अचूक वर्णन करते. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत या पेशींचे काम प्रथम ओळखले, तेव्हा त्यांनीही खाण्याचीच उपमा घेतली होती आणि ‘भक्षक’ हे नाव तिच्यातूनच आले.

आणखी एक अडचण आहे. ज्यांच्या शरीरात हा जिवाणू शिरतो त्यांपैकी पुढे आयुष्यात कधीतरी आजारी पडणारे शंभरात साधारण ५ ते १० असतात; बाकीच्यांत दोन्ही बाजू वर्षानुवर्षे एकमेकींना धरून बसलेल्या असतात. युद्धाच्या गोष्टीत जय असतो किंवा पराजय असतो, असे ताटकळणे नसते. शिवाय क्षयात फुप्फुसाची जी नासधूस होते तिचा मोठा भाग शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतून होतो, आणि सैनिकांनी स्वतःचेच घर का पाडले हे मुलांना समजावताना रूपकाची पुरती दमछाक होते.

डोळ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे : देऊ नयेत. डोळे दिले की हेतू येतो आणि हेतू आला की जंतू दुष्ट होतो. क्षयाच्या जिवाणूला तर स्वतःहून हलताही येत नाही. पन्नासच्या दशकात सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या एका प्रसिद्ध चित्रफितीत पांढरी पेशी एका जिवाणूच्या मागे लागून त्याला पकडताना दिसते, आणि पाहणारा प्रत्येक जण म्हणतो की जंतू पळत आहे. तो जिवाणू स्टॅफिलोकॉकस जातीचा आहे. त्यालाही स्वतःची हालचाल नसते, तो आजूबाजूच्या धक्क्यांनी ढकलला जातो. पाठलाग मात्र खरा आहे, कारण पेशी जिवाणूकडून येणाऱ्या रसायनांच्या मागावर सरकते. असा खरा पाठलाग हाताशी असताना खोटे डोळे कशाला रंगवावेत?

प्रश्न : अशुद्ध रक्त निळे आणि शुद्ध रक्त लाल दाखवावे का?

उत्तर : रक्त निळे कधीच नसते, प्राणवायू कमी असलेले रक्त गडद लाल असते. निळा हा केवळ आकृतीचा संकेत आहे आणि फुप्फुसाच्या पटात तो हमखास गोंधळ घालतो, कारण हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत प्राणवायू कमी असतो आणि परतणाऱ्या नीलेत जास्त. गडद आणि उजळ अशा लाल रंगाच्या दोन छटा पुरेत. लाल-हिरव्यातील फरक ज्यांना कळत नाही त्यांनाही उजळपणातील फरक कळतो, हा वरचा फायदा. जिवाणू कोणत्याही रंगाचा चालेल. प्रयोगशाळेतील चित्रांत दिसणारा त्याचा लालसर रंग हा लावलेल्या रंगद्रव्याचा आहे.

प्रश्न : आम्ही सल्लागार म्हणून बोलाविलेल्या डॉक्टरांनी ‘सगळे प्रमाण चुकले आहे’ असा शेरा दिला. प्रमाण खरे ठेवले तर काहीच दिसणार नाही, असे आमच्या चमूचे म्हणणे आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही, पण आधी एकदा सगळे ३०,००० पट मोठे करून पाहावे, हा हिशेब मी प्रत्येक नव्या चमूकडून कागदावर करून घेतो. सुमारे ८ मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबडी पेशी २४ सेंटिमीटरची, म्हणजे ताटाएवढी होते. ३ मायक्रोमीटर लांबीचा क्षयाचा जिवाणू ९ सेंटिमीटरचा होतो, बोटाएवढा. २० मायक्रोमीटरची भक्षक पेशी ६० सेंटिमीटरची, आणि २०० मायक्रोमीटरचा वायुकोश (फुप्फुसातील हवेची इवली पिशवी) ६ मीटर रुंदीचा, म्हणजे चांगला दिवाणखाना. सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचा, हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा दीड सेंटिमीटरचा. वायुकोश, भक्षक पेशी आणि जिवाणू ही तिन्ही पात्रे अशा रीतीने एकाच चौकटीत खऱ्या प्रमाणात सहज मावतात. तेथे प्रमाण बिघडविण्याला काही सबब नाही.

अडचण औषधाची आहे. त्याचा रेणू साधारण एक-दोन नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या दिवाणखान्यात धुळीच्या कणाहूनही बारीक. गोळीच्या आकाराचे औषध उडत येऊन जिवाणूवर आदळते, हे सर्वत्र दिसणारे दृश्य म्हणूनच खोटे आहे. डॉक्टरांचा राग बहुधा त्यावर असावा. औषध दाखवूच नये, त्याचा परिणाम दाखवावा. आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध जिवाणूच्या आवरणातील मेणासारख्या द्रव्याची घडण थांबविते. तेव्हा वाढू पाहणाऱ्या जिवाणूचे नवे आवरण पुरे होत नाही आणि तो फाटतो, एवढे चित्र पुरेसे आहे. न वाढणाऱ्या जिवाणूचे आवरण आधीच पुरे झालेले असते, म्हणून तो टिकतो. सहा महिन्यांचे कारण एका चित्रात येते ते असे.

दोन दृश्यांमध्ये प्रमाण बदलायचे असेल तर तो बदल डोळ्यांदेखत करावा; कापून एकदम आत उडी घेतली की प्रेक्षक हरवतो. आणखी एक सवय मोडावी : रक्तवाहिनी म्हणजे मोकळा बोगदा आणि त्यात तरंगणाऱ्या चार चकत्या, असे चित्र काढू नये. रक्ताच्या आकारमानाचा सुमारे ४० ते ४५ टक्के भाग तांबड्या पेशींनीच व्यापलेला असतो आणि एका पांढऱ्या पेशीमागे साधारण सहा-सातशे तांबड्या पेशी असतात. गर्दी काढायला वेळ लागतो हे मान्य. पण अशा गर्दीतून एक पांढरी पेशी वाट काढते, हे दृश्य बोगद्याहून कितीतरी वेधक होते.

प्रश्न : पट तज्ज्ञांना आणि प्रेक्षकांना कोणत्या टप्प्यावर दाखवावा? पूर्ण झाल्यावर दाखविल्यास अधिक परिणामकारक वाटेल का?

उत्तर : वाटेल, आणि दुरुस्ती करता येणार नाही. तीन मिनिटांच्या पटाच्या चौकटी ४,३२० होतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी २,१६० चित्रे काढावी लागतात. त्यानंतर तज्ज्ञाने ‘येथे पेशी हवी होती’ असे म्हटल्यास आपण हात जोडण्यापलीकडे काही करू शकणार नाही. तज्ज्ञांना संहिता आणि स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्ररूप आराखडा, दाखवावा. प्रेक्षकांना अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्ची स्थिरचित्रे आणि आपल्याच आवाजातील तात्पुरते निवेदन एकत्र जोडलेला पट, दाखवावा. कच्च्या चित्रांविषयी लोक मोकळेपणाने बोलतात. गुळगुळीत पटाचे कौतुक करून ते घरी जातात.

निवेदनातील वाक्ये जशीच्या तशी पडद्यावर लिहू नयेत, कारण वाचताना डोळे चित्रावरून हटतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीची उपशीर्षके हवी तेव्हा सुरू-बंद करता येतील अशी वेगळी ठेवावीत.

‘पट आवडला का’ किंवा ‘समजला का’ असे विचारू नये. दोन्ही प्रश्नांना होकारच मिळतो. ‘या माणसाने पाचव्या आठवड्यात गोळ्या बंद केल्या, तर आत काय होईल?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. चित्रातल्या माणसाच्या फुप्फुसात गाठ कोठे आहे हे बोटाने दाखवून ‘ते अजून आत आहेत’ असे कोणी म्हणाले, तर चित्रे काढायला बसावे. ‘काही नाही, तो तर बरा झाला होता’ असे उत्तर आल्यास तिसाव्या सेकंदापासूनचा भाग पुन्हा रचावा. पहिली तीस सेकंदे बहुधा तशीच ठेवता येतील.