बोट कुठे दाखवायचं?

प्रश्न : माझी सातवीतली नात विचारते, विश्व ज्यातून सुरू झालं तो महास्फोट (बिग बँग) आकाशात कुठल्या बाजूला झाला? गच्चीवरून तिला काय दाखवू? आणि नारळीकर तर महास्फोट मानतच नसत, मग तो झाला हे कशावरून?
— एक आजोबा, बार्शी

उत्तर : आजोबा, नातीला म्हणावं, हवं तिकडे बोट दाखव, चुकणार नाहीस. आधी मोकळी जागा होती आणि तिच्या मधोमध काहीतरी फुटलं, असं झालेलं नाही. जागाच ताणली गेली, अजूनही ताणली जातेय. घरात परकराचं इलॅस्टिक असेल तर त्यावर बोटभर अंतरावर पेनाने ठिपके काढा आणि ताणा. कुठल्याही ठिपक्यावरून पाहिलं तरी बाकीचे लांब जाताना दिसतात. दुप्पट लांबचा दुप्पट वेगाने. दीर्घिकांचंही, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचंही, असंच आहे, हे खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी १९२९ साली मांडलं. (टोकांची काळजी नको, विश्वाच्या इलॅस्टिकचं टोक कुणाला सापडलेलं नाही.)

आता पुरावा. १९६४ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होल्मडेलला, पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती. रात्र असो की दिवस, अँटेना कुठेही वळवा, खरखर तेवढीच. आत कबुतरं राहायला आली होती. ती हाकलली, त्यांची विष्ठा खरवडून काढली, तरी फरक नाही. (मी शिकवत असताना मुलांच्या लक्षात राहायची ती ही विष्ठाच. राहू दे, तिच्यामागून बाकीचंही येतं.)

ती खरखर म्हणजे, विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं तेव्हा तापलेल्या वायूतून मोकळा झालेला प्रकाश होता. त्या वेळी तापमान सुमारे ३००० केल्विन होतं. ताणून ताणून आता उरलंय २.७ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअस. स्फोट एका जागी झाला असता तर ही धग त्या बाजूने जास्त आली असती. ती चहूकडून सारखी येते. आपल्या स्वतःच्या गतीमुळे पडणारा फरक वजा केला, तर उरतो तो लाखात एखादा भाग.

नारळीकर शेवटपर्यंत साशंक राहिले, हे खरं. हॉयल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह त्यांनी १९९३ साली विश्वाचं वेगळं प्रतिरूप (मॉडेल) मांडलं. त्यात या चहूकडून येणाऱ्या धगीचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात होता. तो प्रकाश अवकाशातल्या सुईसारख्या लोहकणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही नाही. पण मध्यबिंदू त्यांच्या विश्वालाही नव्हता, तेव्हा नातीचं उत्तर तेच राहतं.

पुढे ती विचारणारच, मग आपलं घर का ताणलं जात नाही? विटांमधले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून. जवळच्या दीर्घिकांना गुरुत्वाकर्षण धरून ठेवतं. देवयानी दीर्घिका तर २५ लाख प्रकाशवर्षांवरून आपल्याच दिशेने येतेय. कार्तिकातल्या अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमाराला, उत्तरेकडे बऱ्याच उंचीवर तिचा धूसर डाग शोधा. गावातले दिवे आड येतील, शेतावर गेलात तर बरं.