चिंता प्रभूच्या हाती देताना

सोलापुरात यंत्रमागावर पाळी असेल, तर कामावर निघण्याआधी 10 मिनिटं काढा. बायबलमधलं 2 करिंथ 12:7-10 (करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र) सावकाश वाचा. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मात्र पुरली. मग एकच चिंता नाव घेऊन सांगा: अडकलेला पगार, आईचं औषध, जे असेल ते. ‘सगळं तुझ्या हाती’ असं मोघम म्हटलं की मन काहीच सोडत नाही.

दुपारपर्यंत तीच चिंता परत येईल. नवख्यांना इथेच वाटतं, आपला विश्वास कमी पडला. तसं नाही हो! तुटलेला धागा जोडता जोडता, एका वाक्यात ती पुन्हा प्रभूला द्या. देवावर सोपवलं म्हणून कर्जाचा हप्ता चुकवू नका. ओझं फारच झालं तर रविवारी उपासनेनंतर पाळकांना गाठा; एकटे कुढू नका.