2012 चा 20 एक्स झूमचा कॅमेरा स्पितीला नेण्यात अर्थ आहे का?

घरात कॅननचा पॉवरशॉट एसएक्स260 एचएस पडून आहे, तो हिमाचलातल्या स्पितीला न्यावा की फोन पुरे, असं तुम्ही विचारलंय. न्या. हाच कॅमेरा मी 2012 पासून वापरतोय आणि "फोन असताना हे डबडं कशाला" हे थोरल्या भावाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

2013 साली आई पहिल्यांदा वारीला गेली, आळंदीपासून पायी. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी दादा आणि मी सकाळीच दिवे घाटाच्या माथ्यावर जाऊन बसलो. आभाळ भरलेलं, खाली मस्तानी तलाव. रथापुढच्या 27 दिंड्या वर आल्या, मग जादा बैलजोड्या लावलेला रथ आला. लोक दर्शनाला धावले. आईची दिंडी रथामागे होती, म्हणून मी जागचा हललो नाही. झूम पार टोकाला, म्हणजे 500 मिमीला नेला, कोपरं कठड्यावर टेकवली आणि पडद्यावर एकेक दिंडी चाळू लागलो. एवढ्या झूमवर मधलं अंतर मिटतं, घाटाची वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात, पताकेला पताका चिकटते. खालच्या वळणावर आई सापडली. एक चप्पल पायात, दुसरी हातात, त्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि तोंड अभंगात उघडं. रोज फोनवर "मला काही त्रास नाही" म्हणणारी बाई! सासवडला तिला गाठलं तेव्हा आमच्या हातात नव्या चपला होत्या.

दादानेही तिथूनच फोनवर फोटो काढले होते. त्यात आई नाही. पांढऱ्या टोप्यांचे ठिपके आहेत, आणि बोटांनी मोठं केलं की तेही विरघळतात. तरी गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत त्याने माझा कॅमेरा भंगाराच्या पिशवीत टाकला होता. मी तो परत काढून घेतला.

आता तुमचं. स्पितीतल्या किब्बर गावाच्या बाजूला भरल (निळी मेंढी) किंवा आयबेक्स (रानबकरा) समोरच्या कड्यावर दिसले तर 500 मिमी लागेलच. डिजिटल झूम, म्हणजे फोटो कापून मोठा दाखवणारा, आधी बंद करा. टोकाच्या झूमला भिंग एफ 6.8 वर येतं, म्हणजे उजेड कमी घेतं, म्हणून टीव्ही मोड (Tv, यात शटरचा वेग आपण ठरवतो) लावून 1/500 सेकंद ठेवा, उन्हात सहज मिळतं. रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली, नंतर सुधारता येणारी) मिळत नाही, त्यामुळे जळालेलं, म्हणजे पांढरंफटक पडलेलं आभाळ नंतर परत येत नाही. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खालीच ठेवा, म्हणजे फोटो किंचित गडद येऊ द्या. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 800 च्या वर नेऊ नका, फोटो दाणेदार होतो. जीपीएस बंद ठेवा, बॅटरी खातं. एनबी-6एल बॅटऱ्या दोन तरी घ्या आणि थंडीत आतल्या खिशात ठेवा. धुळीत, वाऱ्यात भिंग बाहेर काढून ठेवू नका. बाहेर सरकणाऱ्या कुठल्याही भिंगात एक कण गेला तरी ते अडकू शकतं.

गोंपांच्या, म्हणजे बौद्ध मठांच्या, आतल्या अंधारात मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. आत फोटो काढू देतात का, तेही आधी विचारा. रात्रीच्या आकाशाला आजचा फोन सरस आहे, आणि 5 एक्स ऑप्टिकल झूमचा नवा फोन आधीच खिशात असेल तर दिवसाचंही बरंचसं काम तोच करेल. पण फक्त झूमसाठी नवा फोन घ्यायला निघाला असाल तर घेऊ नका. कॅमेरा आजच चार्ज करून गच्चीवर न्या आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं टिपून बघा. ती वाचता आली तर पैसे गाडीभाड्याला ठेवा, एक मुक्काम वाढवता येईल.

दादा हे वाचेलच. आईच्या खोलीत भिंतीवर कोणी काढलेला फोटो लावलाय, ते त्यानेच खाली लिहावं.