‘तां चेडू जेवलां काय?’

कुडाळजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. मे महिन्यात त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, स्वीडनहून एक बाई आली, सोबत मुंबईची एक मैत्रीण. 1979 साली मुंबईच्या एका संस्थेतून ही स्वीडनची बाई दत्तक गेली होती. जवळच्या कागदावर ताईंच्या आईचं माहेरचं नाव आणि गाव होतं. ताईंनी सांगून टाकलं, ‘त्या नावाची बाई वारली.’ वडील जाऊन सहा वर्षं झाली, आई पंचाहत्तरीची, तिला बीपी, भाऊ तापट. फोन नंबराची चिठ्ठी तेवढी पंचांगात ठेवली. विचारतात, माझं चुकलं का?

ताई, चुकलं. जित्याजागत्या आईला तुम्ही मारलंत, तेही बहुतेक तिच्या कानांवर पडेल असं. आई माजघरात आठळ्या सोलत होती, असं तुम्हीच लिहिलंय. माजघरापासून खळं असं कितीसं लांब?

तुमचं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. दिवेलागणीला आईने विचारलं, ‘तां चेडू जेवलां काय?’ पुढे तुम्ही लिहिता, ‘वय झालंय, काहीही बोलते.’

मी मालवणची आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या, पॅन्ट घातलेल्या परक्या बाईला आपल्याकडे कुणी चेडू म्हणत नाही. आपल्या बोलीत चेडू म्हणजे मुलगी, आणि लेकसुद्धा. तुमची आई काहीही बोलली नाही. दारातून कोण उपाशी गेलं, ते तिने तुम्हाला विचारलं. आणि तुम्ही गप्प बसलात.

आईला त्रास नको म्हणून केलं, म्हणता. त्रास तर ती किती वर्षं एकटीने गिळतेय. हल्ली मूल सोपवल्यावर मन बदलायला आईला 60 दिवस मिळतात. परदेशी दत्तकविधानावर सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले तेच 1984 साली. तुमची आई त्याच्या आधीची. तेव्हा तिला कुणी काय विचारलं असेल? निदान आता तरी तिच्या वतीने दुसऱ्याने उत्तर देऊ नये. 2022 च्या दत्तक नियमांत मुळांचा शोध घ्यायचा हक्क त्या मुलीचा आहे, तिऱ्हाइताचा नाही. मूल देताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर संमतीही आईचीच लागते. भावांना यात कुणी विचारलेलं नाही, तुम्हालाही नाही.

कागद चुकीचा असेल? असू शकतो, जुन्या फायलींत खोटी नावं, चुकीचे पत्ते सापडतात. तेही आईलाच ठाऊक असणार. पुढची खातरजमा ‘कारा’ (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत करता येईल, त्याची घाई नाही.

भाऊ बाजाराला गेले की आईजवळ बसा. आपल्याच बोलीत सांगा की ते चेडू जेवलं नाही, मी त्याला खोटं सांगून परत पाठवलं, ते तुझं नाव घेऊन आलं होतं. मग गप्प राहा. ती रडली तरी मध्ये बोलू नका, तिने विषय टाळला तर खोदून विचारू नका. फोन लाव म्हणाली तर त्याच दिवशी लावा, आणि आधी तुमच्या खोट्याची माफी मागा. नको म्हणाली तर पंचांगातली ती चिठ्ठी तिच्या हातात द्या. ठेवायची की फाडायची, ते तिचं ती बघेल.