पंपातलं स्टेरॉइड मुलीला बाधेल का?

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीला दम्यासाठी ब्यूडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप रोज दोनदा देतो. स्टेरॉइडने उंची खुंटते म्हणतात. आता तिला बरं आहे, तर बंद करू का?

उत्तर : परस्पर बंद करू नका. बरं आहे ते याच औषधाने श्वासनलिकांची सूज आवरल्यामुळे. उंचीची शंका रास्त आहे. वर्षानुवर्षं घेतल्यास सरासरी १ सेंटिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. पण अनावर दम्यानेही वाढ मंदावते, आणि अटॅक आल्यावर द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोस पंपासारखा मायक्रोग्रॅममध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी जास्त असतो.

तोंडातले पांढरे चट्टे, बसलेला आवाज हे त्रास औषध तोंडात-घशात साचल्याने होतात. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा, एका वेळी एकच फवारा द्या, नंतर चूळ भरून थुंकायला लावा. दमा सलग ३ महिने आटोक्यात राहिला, तर डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.